टेम्पल ऑफ द डॉग : मित्र गेला म्हणून जमलेला बँड

वेगवेगळ्या बँडमधले नावाजलेले कलाकार एकत्र येऊन नवा बँड काढतात, त्याला रॉक संगीतात 'सुपरग्रुप' म्हणतात. अशा एकत्र येण्याची मराठी माणसाला ओळख आहे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं होतं. अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९९० साली असाच एक बँड जमला. कारण होतं एका मित्राचा मृत्यू.

कोण होता हा मित्र?

अँड्र्यू वुड हा 'मदर लव्ह बोन' या बँडचा गायक. त्यांचा पहिला अल्बम 'अ‍ॅपल' बाजारात येण्याआधीच, १९ मार्च १९९० रोजी हेरॉइनच्या अतिसेवनामुळे तो गेला. वय फक्त २४.

'साउंडगार्डन'चा गायक ख्रिस कॉर्नेल हा काही काळ वुडसोबत एकाच घरात राहिलेला त्याचा जिवलग दोस्त. या धक्क्यातून सावरताना त्याने दोन गाणी लिहिली, 'से हॅलो टू हेवन' आणि 'रीच डाउन'. ती त्याच्या नेहमीच्या बँडच्या बाजाची नव्हती. म्हणून तो वुडच्या साथीदारांकडे, म्हणजे स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटकडे गेला. गिटारवर माइक मॅक्रेडी आणि ड्रमवर मॅट कॅमेरून आले. बँडचं नाव वुडच्याच एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलं.

आणि एक नवखा गायक

गोसार्ड आणि अमेंट त्याच वेळी आपला नवा बँडही उभा करत होते. त्यासाठी सॅन डिएगोहून एडी व्हेडर नावाचा लाजाळू तरुण आला होता. 'हंगर स्ट्राइक' या गाण्यातला खालच्या पट्टीचा भाग कॉर्नेलला नीट जमत नव्हता. आपल्या तालमीची वाट पाहत बसलेला व्हेडर उठला आणि माइकवर तो भाग गायला. तेच गाणं पुढे या बँडची ओळख बनलं, आणि तो दुसरा बँड 'पर्ल जॅम' म्हणून जगभर गेला.

पुढे काय झालं?

एप्रिल १९९१ मध्ये अल्बम आला, पण फारसा चालला नाही. पर्ल जॅम आणि साउंडगार्डन गाजल्यावर १९९२ मध्ये लोकांनी तो शोधून ऐकला आणि अमेरिकेत दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. दुसरा अल्बम मात्र कधीच निघाला नाही. ज्याच्यासाठी जमले होते, ते काम झालं होतं.

२५ वर्षं झाली म्हणून २०१६ मध्ये बँडने पहिल्यांदाच दौरा केला. पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये कॉर्नेलही गेला. मित्रासाठी त्याने लिहिलेली ती गाणी तेव्हापासून चाहते त्याच्याही आठवणीत ऐकतात.