तबकडीवादक आणि नर्तकसमुदाय : न्यूयॉर्कमधील एका संवादाचा इतिहास

‘डीजे’ हा शब्द मराठीत रुळला त्याला आता बरीच वर्षे झाली. परंतु रुळताना त्याच्या अर्थाने घेतलेले वळण भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘मिरवणुकीत डीजे लावला’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनासमोर ध्वनिक्षेपकांची भिंत असते, माणूस नसतो. मूळ इंग्रजीतील ‘डिस्क जॉकी’ हा मात्र तबकड्या हाताळणारा माणूस होय. मराठीत माणूस गळाला आणि यंत्र उरले. पाश्चात्त्य इतिहासलेखनात याच्या नेमके उलट घडले. तेथे हा माणूस इतका मोठा करण्यात आला की, त्याच्यासमोर नाचणारा समुदाय दिसेनासा झाला. या समुदायाचे त्या कलेच्या घडणीतील स्थान कोणते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘डिस्कोथेक’ हा फ्रेंच शब्द ग्रंथालयवाचक ‘बिब्लिओथेक’च्या धर्तीवर बनलेला असून तबकड्यांचा संग्रह हा त्याचा मूळ अर्थ. संग्रहाच्या रक्षकाने समोरच्याकडे पाहावे अशी अपेक्षा या नावात नाही. ती दृष्टी न्यूयॉर्कमध्ये 1970 नंतरच्या दशकात आली. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्राँक्स भागातील एका इमारतीत, बहिणीने योजिलेल्या समारंभात, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क तबकड्या वाजवीत होता. गायन व स्वरावली थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या ‘ब्रेक’ नामक अल्प खंडासाठी नाचणारे आपले सारे बळ राखून ठेवतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गीताच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीने चालवून त्याने तो खंड लांबविला. या युक्तीला शोध म्हणावयाचे असेल, तर त्यातील निम्मा शोध नाचणाऱ्यांचा होता असे म्हणावयास हरकत नाही.

या संवादाचे सर्वांत समृद्ध रूप पाहावयाचे तर मॅनहॅटनमधील 84, किंग स्ट्रीट येथील ‘पॅराडाइज गराज’कडे वळले पाहिजे. मायकेल ब्रॉडी याने मोटारगाड्यांच्या एका जुन्या तळावर चालविलेली ही संस्था 1977 ते 1987 या काळात नांदली. प्रवेश सभासदांना व त्यांच्या पाहुण्यांना. मद्यविक्री नाही, आणि म्हणूनच मद्यालयांच्या बंद होण्याच्या वेळेचे बंधनही नाही. सभासदांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक, विशेषतः समलिंगी पुरुष, बहुसंख्य होते. ध्वनिव्यवस्था रिचर्ड लाँग याची, आणि तबकडीवादक लॅरी लेव्हन. तो 1954 साली ब्रुकलिनमध्ये जन्मला.

लेव्हनविषयी ‘गर्दीच्या ऊर्जेवर तो पोसला जाई’ अशी वाक्ये पुष्कळदा लिहिली जातात. ‘ऊर्जा’ हा शब्द मला येथे आळशी वाटतो. प्रत्यक्षात जे घडे ते प्रश्नोत्तर होते. तो मध्येच संगीत तोडून शांतता पसरवी, दिवे घालवी आणि समुदायाच्या आरोळीची वाट पाही. क्वचित ऐन रंगात वादन सोडून शिडीवर चढे आणि छतावरील आरशांचा गोल पुसू लागे. रात्र चढत जाई तसतशी तबकडीयंत्रांची कार्ट्रिजेही तो बदली व अधिक चांगली बसवी, म्हणजे ध्वनीची कमाल पहाटेसाठी राखलेली असे, असे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे.

परंतु उत्तर म्हणजे नेहमी होकारच नव्हे. 1981 साली वेस्ट एंड या संस्थेने टाना गार्डनर या गायिकेचे ‘हार्टबीट’ हे गीत काढले. त्याचे मिश्रण लेव्हननेच केले होते. डिस्को-गीतांची चाल मिनिटास सुमारे 120 ठोक्यांची. याची जेमतेम 100 च्या आसपास. प्रथम ते लागले तेव्हा नृत्यभूमी रिकामी झाली, लोक खाण्यापिण्याकडे वळले. लेव्हनने ते पुनःपुन्हा लावले, आणि अखेर त्याच भूमीवर ते गीत सर्वांचे झाले. याला वादकाचा हट्ट म्हणून सोडून देता येईल. मला मात्र तो वाटाघाटीचा प्रकार वाटतो. नकार देणारा समुदाय दारातून निघून गेला नाही, भिंतीशी थांबून ऐकत राहिला. तो निघून गेला असता तर लेव्हनच्या हट्टाला अर्थ उरला नसता. (मराठीत ‘मैफल रंगली’ असे म्हणतात. क्रियापद अकर्मक, कोणी रंगविली ते सांगण्याची सक्ती नाही. गायकाला सारे श्रेय न देण्याची सोय आपल्या व्याकरणातच आहे.)

संगीतप्रकारांची नावेही याच दिशेने बोट दाखवितात. ‘गराज’ हे नाव या जागेवरून आले, आणि ‘हाउस’ हे लेव्हनचा मित्र फ्रँकी नकल्स जेथे 1977 पासून वाजवीत असे त्या शिकागोच्या ‘वेअरहाउस’वरून, असे सामान्यतः मानले जाते. वाद्यावरून नाही, रचनाकारावरून नाही. माणसे जेथे जमत त्या स्थळावरून.

असे असता समुदायाचा इतिहास का लिहिला गेला नाही? एक कारण साधनांचे आहे. मिश्रकयंत्रातून थेट घेतलेल्या ध्वनिफितीवर वादकाची प्रत्येक हालचाल उमटते. समोरची आरोळी, पायांचा ठेका, रिकामी झालेली भूमी यांपैकी काहीही उमटत नाही. दुसरे कारण अधिक दारुण आहे. 1981 पासून अमेरिकेत नोंदल्या जाऊ लागलेल्या एड्सच्या साथीने याच समाजातील असंख्य तरुण नेले. सप्टेंबर 1987 मध्ये गराज बंद झाले; त्याच वर्षअखेरीपूर्वी ब्रॉडी त्याच रोगाने वारला. लेव्हन 8 नोव्हेंबर 1992 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. त्याची मिश्रणे, छायाचित्रे, मित्रांच्या मुलाखती मागे राहिल्या. ‘हार्टबीट’ लागताच जे भिंतीकडे सरकले आणि काही आठवड्यांनी परत आले, त्यांच्यापैकी कितीजणांना कोणी विचारले? जे हयात आहेत ते आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम अजून करता येण्याजोगे आहे.