कुत्रा कोणाचा?

मुंबईच्या दादर-माटुंगा भागात लागून लागून पाच बागा आहेत. सगळे त्यांना फाइव्ह गार्डन्स म्हणूनच ओळखतात. एखाद्या सकाळी सहा-साडेसहाला तुम्ही तिथं जाऊन उभे राहा. दोन तऱ्हेची कुत्री तुमच्या नजरेस पडतील. काहींच्या गळ्यात पट्टा असतो, आणि पट्ट्याला अडकवलेली दोरी धरून मालक त्यांना फिरवत असतो. खरं म्हणजे पुष्कळदा कुत्राच मालकाला फिरवत असतो! दुसरी झाडाच्या आळ्यात अंगाचं वेटोळं करून पडलेली असतात. पहिल्या कुत्र्याचा धनी कोण, हे विचारावं लागत नाही. दुसऱ्याचा धनी कोण म्हणून विचाराल, तर कोणी म्हणेल, ‘कोणीच नाही, भटका आहे.’ पण रोज त्याला पोळी घालणाऱ्या आजीबाई लगेच म्हणतील, ‘भटका कसा? हा आमच्या गल्लीतला!’

कुत्रा कोणाचा, हा प्रश्न तुम्हांला क्षुल्लक वाटेल. पण याच प्रश्नावरून एकदा मुंबईची दुकानं बंद पडली होती आणि सरकारला लष्कर बोलवावं लागलं होतं. ही हकीकत 1832 सालच्या जून महिन्यातली.

त्या वेळची मुंबई म्हणजे मुख्यतः कोट आणि त्याच्याबाहेर वाढत चाललेली वस्ती. शहरात कुत्री फार झाली होती, आणि पिसाळलेला कुत्रा चावला तर त्यावर जगात कुठंच उपाय नव्हता. 1813 पासून उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मुभा होती. 1832 साली ही मुदत वाढवण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं गेलं. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या काळच्या गरिबाला ही रक्कम लहान नव्हती. मग व्हायचं तेच झालं. कुत्रा भटका की पाळीव, याची चौकशी करीत बसण्यात बक्षीस घेणाऱ्याला काय फायदा? घरांतून, अंगणांतून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या.

कोटात पारशी समाजाची मोठी वस्ती होती. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानलं आहे. त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्यांसंबंधीच आहे. माणूस मेला म्हणजे त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. अशा लोकांच्या डोळ्यांदेखत दारातली कुत्री मारली जाऊ लागली. 6 जून रोजी कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, आणि लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवण्यात आली. या बंदात पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही होते. शेवटी फौज आली, धरपकड झाली, खटले चालले. शेटिया मंडळी मध्ये पडली, अर्जविनंत्या झाल्या, आणि कुत्री मारण्यापेक्षा शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग निघाला.

दंगलीची ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. पण जरा विचार करून पाहा. सरकारच्या हिशेबी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या: एक मालकाची, दुसरी बेवारशी. आपल्या लोकांच्या व्यवहारात मात्र तिसरी एक जात होती, आणि तीच सर्वांत मोठी: गल्लीची, वाडीची, आळीची कुत्री. त्यांना घर नव्हतं, पण दारं दहा होती. जेवताना कुत्र्यासाठी भाकरीचा कोर बाजूला ठेवणाऱ्या घरांत दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री होती, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा होता. धर्मराजानं तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचं नाकारलं, ही कथा आजीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेली. या तिसऱ्या जातीला कायद्यात नावच नव्हतं. म्हणून ती आठ आण्यांच्या भावानं मारली जाऊ लागली.

दंगलीनंतर दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोन शेटियांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. एक पारशी, एक जैन. बेवारशी मुक्या जनावरांची जबाबदारी समाजानं आपल्या खर्चानं उचलली.

पुढं हा कारभार परळला सरकला. परळ त्या वेळी शहराच्या कडेचं उपनगर. 1874 साली मुंबईत जनावरांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली, आणि पुढल्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला पेटिटांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं गेलं. गिरणगावच्या माणसाला मात्र हे लांबलचक नाव कोण सांगणार? त्यानं आपलं सरळ ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं, आणि आजही तेच नाव चालतं. 1886 साली तिथंच पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झालं.

त्याच परळात, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, 1899 साली डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस पाश्चर यांनी 1885 साली पहिल्यांदा माणसाला टोचली होती. पुढं हाफकिनमध्येही श्वानदंशावरची लस तयार होऊ लागली. म्हणजे पाहा, कुत्र्याला बरं करणारं इस्पितळ आणि कुत्र्यापासून माणसाला वाचवणारी लस, दोन्ही एकाच वस्तीत. कुत्र्याविषयीचं प्रेम आणि कुत्र्याविषयीची भीती या दोन्ही खऱ्या आहेत, हे परळनं आपल्याला शिकवायला हवं होतं.

भीती खरी आहे, हे मी अनुभवानं सांगतो. शाळेत असताना मला गल्लीतलाच एक ओळखीचा कुत्रा चावला. मेंढ्याच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस तेव्हा पोटात घेत, एकूण चौदा इंजेक्शनं. रोज वडिलांचं बोट धरून दवाखान्यात जायचं आणि शर्ट वर करून रांगेत उभं राहायचं. इंजेक्शनापेक्षा वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्या अधिक लक्षात आहे. ती लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात थोडी इंजेक्शनं घेऊन भागतं. पण एक गोष्ट 1832 मध्ये होती तशीच आजही आहे. रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला की जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत घरी बसू नका.

स्वातंत्र्यानंतरही मुंबईत कुत्री मारली जातच होती. मारून संख्या घटत नव्हती. एका गल्लीतली कुत्री नेली की उकिरड्याच्या वासानं शेजारची येत. 1994 साली महापालिकेनं मारण्याचं धोरण सोडलं आणि निर्बीजीकरण व लस यांचा मार्ग धरला. 2001 साली केंद्र सरकारनं तसे नियम केले. 2023 साली ते नव्यानं आले. नियम असा, की कुत्रा पकडावा, शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी, कान थोडा कातरून खूण करावी, आणि जिथून आणला तिथंच सोडावा. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीची कुत्री कायमची कोंडून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला आणि थोड्याच दिवसांत तो बदलून बहुतेकांना परत सोडण्याची मुभा दिली. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्थानकं यांच्या आवारांतली कुत्री मात्र तिथं परत सोडू नयेत, असं सांगितलं. वाद अजून पेटलेलाच आहे. चावा घेतलेल्या पोराचे आईबाप एका बाजूला, आणि रोज रात्री पातेलं घेऊन निघणारी माणसं दुसऱ्या बाजूला.

मला विचाराल, तर त्या कातरलेल्या कानाला मी फार महत्त्व देतो. 1832 साली ज्या तिसऱ्या जातीला नाव नव्हतं, तिला कायद्यानं पहिल्यांदा खूण दिली ती ही. पट्टा सांगतो की हा कुत्रा एकाचा आहे. कातरलेला कान सांगतो की हा सगळ्यांचा आहे. पण ‘सगळ्यांचा’ म्हटलं की आपल्याकडं त्याचा अर्थ ‘कोणाचाच नाही’ असा होतो, आणि सगळा घोळ तिथंच आहे. पोळी घालणारे पुष्कळ. पण दर वर्षी त्याच कुत्र्याला लस मिळाली का, हे पाहणारे किती? शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तरी या रोगाची साखळी तुटते, असं तज्ज्ञ सांगतात. पट्टेवाल्यांनाही हेच लागू आहे. कुत्रा हौसेनं आणायचा, त्याला फूटपाथवर बसवायचं आणि मग आकाशाकडं बघत पुढं चालू लागायचं! त्याच फूटपाथवरून शाळेची पोरं जातात. खिशात एक जुना कागद ठेवायला काय हरकत आहे?

तेव्हा उद्या सकाळी बागेत जाल, तेव्हा झाडाच्या आळ्यात झोपलेल्या त्या कुत्र्याचा कान जरूर पाहा; दुरूनच पाहा, झोपमोड करू नका. कान कातरलेला नसेल, तर पालिकेच्या वॉर्ड कचेरीला कळवा. मग आजीबाईंना ‘हा आमच्या गल्लीतला’ असं म्हणण्याचा खरा अधिकार येईल, आणि तुम्हांलाही.