कियांती : द्राक्षांच्या मिश्रणाची कहाणी
इटलीतील टस्कनी प्रांताची कियांती ही लाल वाइन बहुधा एकाच जातीच्या द्राक्षाची नसते. बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये तिचे सूत्र मांडले : सुगंध आणि जोम सांजोवेझे द्राक्षाचा, त्याचा कडकपणा निवविण्यास कानायोलो, पांढरी माल्वाझिया केवळ लवकर प्यावयाच्या वाइनसाठी. १९६७ च्या नियमांनी मात्र १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सर्वत्र सक्तीची केली. सत्तरच्या दशकात आन्तिनोरी घराण्याने ‘तिन्यानेल्लो’तून ती वगळली, परिणामी ही उत्कृष्ट वाइन साध्या ‘टेबल वाइन’ या नावाखाली विकावी लागली. नियमाचीच ती थट्टा! आज ‘कियांती क्लासिको’त सांजोवेझे किमान ८० टक्के असते, पांढऱ्या द्राक्षांना २००६ च्या हंगामापासून मज्जाव आहे. चाखताना आंबट चेरीची चव आणि जिभेवरील तुरटपणा आधी ओळखावा. तो मवाळ वाटल्यास जोडीच्या द्राक्षाचा किंवा मुरण्याचा गुण समजावा.