साडेनऊ मिलिमीटरची काटकसर

पाथे बेबी हा कॅमेरा जाडजूड पंचांगाएवढा. काळी पेटी, समोर बारीकशी लेन्स, अंगाला एक हँडल. नेम धरायला वर एक साधी चौकट. तिच्यातून पाहायचं आणि सेकंदाला दोन फेरे या लयीत हँडल फिरवत राहायचं. फोकस बसवायची भानगडच नाही. जुने प्रोजेक्टर आणि कॅमेरे दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून, नाना तऱ्हेची यंत्रं माझ्या टेबलावर आली. त्या सगळ्यांत मला हे सर्वांत शहाणं वाटतं. ते बनवणाऱ्यांनी दोनच गोष्टी मनाशी धरल्या होत्या : घर पेटता कामा नये आणि फिल्म वाया जाता कामा नये.

पेटण्याची धास्ती खरी होती. 4 मे 1897 रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी वापरलेल्या ईथरच्या वाफेने पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बहुतेक बायका. त्या दिवशी दोष दिव्याचा होता, पण तेव्हाची नायट्रेटची फिल्मही कमी नव्हती. एकदा पेटली की ती पाण्यानेही विझत नाही. असली वस्तू दिवाणखान्यात कोण आणणार?

तरी प्रयत्न झाले. 1898 मध्ये इंग्लंडात बर्ट एकर्सने ‘बर्टॅक’ काढला. 35 मिमीची फिल्म उभी चिरून 17.5 मिमीची केली आणि चित्रण, छपाई, प्रक्षेपण ही तिन्ही कामं एकाच पेटीवर टाकली. 1903 मध्ये जर्मनीतल्या एर्नेमानने ‘किनो’ आणला. त्याच्या फिल्मची भोकं कडेला नव्हती, मधोमध होती. आज हे कॅमेरे दुर्मीळ आहेत. कल्पना चांगल्या होत्या, फिल्म मात्र तीच पेटणारी. 1912 मध्ये पाथे कंपनीने ‘कोक’ हा घरगुती प्रोजेक्टर काढला, तो न भडकणाऱ्या अ‍ॅसिटेट फिल्मवर चाले. हँडल फिरवलं की फिल्मही सरके आणि डायनॅमो फिरून दिवाही लागे. फिल्मची रुंदी मुद्दाम 28 मिमी ठेवली, म्हणजे नायट्रेटची फिल्म चुकूनही त्यात जाऊ नये.

त्याच 1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. फिल्मला भोकं पाडण्याचं काम घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं होतं. फिल्मची भोकं म्हणजे किती बारकाईचं काम, हे त्या घराला ठाऊक होतं.

पाथेची खरी करामत त्याच भोकांत आहे. 1922 च्या नाताळाला पाथे बेबी प्रोजेक्टर आला आणि पुढच्या वर्षी कॅमेरा. 35 मिमी फिल्मच्या कडा काढल्या की मधल्या पट्ट्यातून साडेनऊ मिमीच्या तीन फिती निघतात. प्रत्येक दोन चित्रांच्या मधल्या फटीत एकच भोक. कडेला भोकं नसल्यामुळे चित्र जवळजवळ फितीच्या कडांना भिडतं. कोडॅकची 16 मिमी फिल्म 1923 मध्ये आली. तिच्या मानाने ही फीत सहा दशांश रुंदीची, पण चित्र सुमारे सत्तर टक्के. बिनकामाची जागा अशी ठेवलीच नाही. काटकसर पाट्यांपर्यंत पोचली होती. विकत मिळणाऱ्या चित्रपटांत मजकुराची पाटी काही सेकंद दिसावी म्हणून फिल्म खर्चायची नाही. कडेला एक खाच पाडायची, की प्रोजेक्टर तेवढा वेळ त्या चित्रावर थबकतो.

कॅमेऱ्याच्या डबीत सुमारे नऊ मीटर फिल्म, म्हणजे जेमतेम सव्वा मिनिट. कोडॅकचा कॅमेरा, तिपाई, प्रोजेक्टर असा संच 335 डॉलरचा होता, तो मोजक्यांनाच परवडे. बेबीमुळे फ्रान्स, ब्रिटन आणि जपानमधल्या मध्यमवर्गीय घरांत चित्रण सुरू झालं. सव्वा मिनिटच हाती असल्यामुळे माणसं विचार करून हँडल फिरवत. म्हणूनच या फिती पाहताना मला कंटाळा येत नाही.

या शहाणपणाची किंमतही आहे. प्रोजेक्टरचा क्लॉ, म्हणजे फिल्म पुढे ओढणारा दात, भोकात नीट बसला नाही तर तो कड न फाडता थेट चित्राच्या मध्यातून ओरखडा काढत जातो. 1932 मध्ये कोडॅकची 8 मिमी आली आणि 1965 मध्ये सुपर 8. साडेनऊ हळूहळू मागे पडली.

मात्र तिचं मोठं ऋण सिनेमाच्या इतिहासावर आहे. आबेल गान्सचा 1927 चा ‘नेपोलियन’ कापाकापीत विखुरला होता. केविन ब्राउनलो या इंग्रज शाळकरी मुलाच्या हाती त्याची साडेनऊ मिमीची दोन रिळं लागली. त्या वेडातून त्याने पुढे चित्रपट पुन्हा जुळवला. 1979 मध्ये अमेरिकेत टेल्युराइडला तो दाखवला गेला, तेव्हा वृद्ध गान्स ते पाहायला हजर होता. घरी करमणूक म्हणून विकलेल्या फितीने एक महान कलाकृती वाचवली.

म्हणून विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत काळ्या डब्या सापडल्या तर भंगारात टाकू नका. फिल्मचं टोक उजेडात धरा. चित्रांच्या मध्ये एकेक भोक दिसलं तर ती साडेनऊ आहे. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय, मग उशीर नको. हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेल्या फितीची भोकं क्लॉशी जुळत नाहीत आणि एका फेरीत सगळं फाटतं. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि साडेनऊ मिमीचं गेट असलेला स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच द्या. यंत्र मोडलं तर माझ्यासारखा कुणीतरी दुरुस्त करील. फीत मात्र एकच असते. कॅमेऱ्यात फिरली तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढली, तिची निगेटिव्ह कुठेही नाही.