दिमोना: वाट्याला आलेलं वाळवंट

इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या दिमोना, येरुहाम या गावांची कहाणी सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत ओसाड माळावर नंदनवन फुलवणारे ध्येयवेडे लोक असतात, तर दुसरीत सरकारने आणून टाकलेली गरीब माणसं. दुसरी सत्याला अधिक धरून आहे, पण तीही अर्ध्यावरच थांबते. इथे कोणी जायचं हे सरकारने ठरवलं. पण गाव पुढे कसं घडलं, यात आलेल्यांचा हात मोठा होता, आणि त्यांच्यापाशी भांडवल म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे नातीगोती. कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल ज्यूंचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे.

१९४८ साली इस्राएलमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते, १९५१ संपता संपता ते चौदा लाखांच्या घरात गेले. धान्य रेशनवर होतं, राहायला तंबू आणि पत्र्याच्या खोल्या. त्यातच वास्तुविशारद आर्ये शरोन यांच्या देखरेखीखाली राष्ट्रीय आराखडा तयार झाला: किनाऱ्यावर दाटी नको, माणसं सीमेकडे आणि वाळवंटाकडे पसरवायची. येरुहाम १९५१ मध्ये छावणी म्हणून सुरू झालं, दिमोना १९५५ मध्ये वसलं. मृत समुद्राकाठचे कारखाने समुद्रसपाटीच्या जवळपास चारशे मीटर खाली, तिथला उकाडा राहण्याजोगा नाही, म्हणून कामगारांची वस्ती वरच्या पठारावर, असा दिमोनामागचा हिशेब होता. पहिली कुटुंबं मोरोक्कोची. १९५४ पासून ‘जहाजातून थेट गावात’ असं धोरण होतं, म्हणजे बंदरात उतरलेल्या माणसाला इकडची-तिकडची चौकशी करायलाही उसंत नाही. ट्रक वाळवंटात थांबला की लोक उतरायला नकार देत, हे त्या काळाच्या आठवणींत पुन्हापुन्हा येतं.

यावर म्हटलं जातं की देशच तेव्हा हलाखीत होता, चैन कोणालाच नव्हती, खुद्द पंतप्रधान बेन-गुरियन १९५३ साली पद सोडून नेगेवमधल्या स्दे बोकेरला राहायला गेले. गेले खरे. पण १९५५ मध्ये ते मंत्रिमंडळात परतले. त्यांच्या दृष्टीने वाळवंट ही निवड होती आणि परतीचा दरवाजा उघडा होता. येरुहामला आधी आलेले रुमानियन ज्यूही हलाखीत होतेच, पण त्यांतल्या अनेकांनी लवकरच मध्य इस्राएलची वाट धरली. तिथे ओळखीपाळखी असणं, भाषा जुळणं, अधिकाऱ्यापाशी शब्दाला वजन असणं, यावर कोण निघू शकेल हे ठरे. हलाखी सगळ्यांची होती, सुटका मात्र सगळ्यांची नव्हती.

बेने इस्राएल ओळखी-वजनाच्या या खेळात अगदीच नवखे होते. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. पुढे मुंबईत रेल्वे, टपाल, पलटण आणि कचेऱ्यांत स्थिरावलेले. अशा कारकुनांना बीरशेबाच्या उन्हात मजुरीला लावलं गेलं. वागणूक दुजाभावाची आहे म्हणून त्यांनी १९५१ मध्ये धरणं धरलं आणि पुढच्या वर्षी शंभराहून अधिक जणांना भारतात परत धाडावं लागलं. त्यांतले बरेचजण नंतर पुन्हा इस्राएलला गेले, हे विसरून चालत नाही. मायदेशावरचा राग आणि मायदेशाची ओढ एकाच माणसात नांदू शकते, आणि इथे तर मायदेश दोन होते.

सरकारला हवी होती सरमिसळ: देशोदेशीचे ज्यू एकत्र आणून एकाच मुशीतला इस्राएली घडवायचा. झालं उलटंच. भाऊ दिमोनात म्हणून बहीण दिमोनात, तिच्या सासरचे तिच्यामागे. विखुरण्यासाठी आखलेल्या गावात कोकणातली घरं एकमेकांना खेटून उभी राहिली. मलिदा या त्यांच्या विधीच्या ताटाकडे पाहिलं तर हे लक्षात येतं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नबी या प्रेषिताची, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटली अशी समाजाची श्रद्धा. हा विधी एकट्याने करायचा नसतो. म्हणायला, वाटायला, खायला घरं लागतात, आणि तेवढी घरं दिमोनात होती. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघू शकलं, त्याच्यामागेही अशाच वस्त्यांतला वाचक आहे.

हे अन्यायाला गोंडस रूप देणं नव्हे का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एकत्र राहिल्याने पगार वाढले नाहीत, शाळा सुधारल्या नाहीत. दिमोनातल्या कापडगिरण्यांनी काम दिलं, पण पुढच्या पिढीला वर चढायला शिडी दिली नाही. ज्या मुलांना जमलं ती तेल अवीवकडे गेली. तरीही १९६२ चा प्रसंग आठवावा. मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावताना त्यांच्या वंशाची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. विखुरलेली कुटुंबं हे मुकाट्याने गिळती. इथे मोर्चे निघाले, जेरुसलेमला ठिय्या झाला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. यातलं किती श्रेय वाळवंटातल्या वस्त्यांचं आणि किती लोद-अश्दोद या शहरांकडच्या लोकांचं, हे तोलून सांगता येणार नाही. पण शेजारच्या दारावर थाप मारून माणसं गोळा करता येणं, ही सोय आराखड्यात कोणीच धरली नव्हती.