महाविद्यालयीन प्रवेशाचे निकष व शालेय कार्याचे मूल्यमापन : मंगळवेढे तालुक्याच्या संदर्भात

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये त्याने पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच परीक्षेतून विद्यापीठात आले. पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने रूढ झालेल्या या परीक्षेचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. परीक्षा विद्यापीठाची होती, शाळेची नव्हती. वर्गातील वर्षभराचे काम, वक्तृत्व, खेळ अथवा शाळेचा अभिप्राय यांना गुणांकनात स्थान नव्हते.

मंगळवेढे हा त्या काळी सांगली संस्थानाच्या विखुरलेल्या तालुक्यांपैकी एक होता. उच्च शिक्षणासाठी तेथील विद्यार्थ्याला दूरच्या शहरी जावे लागे : पुण्यास, किंवा १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय काढल्यानंतर सांगलीस. ज्याच्या शाळेचे नावही परक्या प्राचार्यांस ठाऊक नसावे, अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवळ क्रमांक लिहिलेली उत्तरपत्रिका हे मोठे संरक्षण होते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले व मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात आले. १९४९ मध्ये मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. विद्यापीठेही पालटत गेली : मुंबईनंतर पुणे, १९६२ पासून शिवाजी, २००४ पासून सोलापूर. प्रवेशाचा मुख्य आधार मात्र अंतिम परीक्षेचे गुण हाच राहिला.

या एकांगीपणावर टीका झाली नाही असे नाही. मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात बाह्य परीक्षेबरोबर शाळेतील चाचण्या व विद्यार्थ्याची संचित नोंद यांना महत्त्व द्यावे असे सुचविले. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगानेही (१९६४-६६) अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. या शिफारशींची शैक्षणिक बाजू भक्कम होती. तीन तासांच्या लेखनातून चिकाटी, प्रयोगकौशल्य किंवा नेतृत्व दिसत नाही, हे खरेच आहे. अडचण होती ती विश्वासाची. शाळेने दिलेल्या साक्षीची शहानिशा कोणी करावयाची?

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक ठरतो. हार्वर्ड विद्यापीठाने १९२६ मध्ये प्रवेशसंख्या मर्यादित करून चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांना निवडीत अधिक वजन दिले. गुणवत्तेवर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्याचा हेतू त्यामागे होता, हे इतिहाससंशोधनाने दाखविले आहे. निकष जितका व्यापक, तितका निवड करणाऱ्याचा स्वेच्छाधिकारही व्यापक होतो.

महाराष्ट्रातील अलीकडील दोन घटना याच प्रश्नाच्या दोन बाजू दाखवितात. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण नव्हते. अभ्यासक्रमही नवा होता. उत्तीर्णांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आले. अकरावीच्या प्रवेशात अंतर्गत गुण मिळालेल्या अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे आपली मुले मागे पडतील, अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी ते गुण पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. याउलट २०२१ मध्ये महामारीमुळे लेखी परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालास ५० व दहावीच्या वर्षातील शालेय कामास ५० गुण देण्यात आले. तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी योजलेली स्वतंत्र परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरविली. संपूर्ण भार शाळेच्या साक्षीवर पडताच त्या साक्षीची निवडक्षमता जवळजवळ नाहीशी झाली.

यावरून शालेय कार्य प्रवेशात विचारात घेऊच नये, असा निष्कर्ष निघत नाही. परंतु उपक्रमांची नोंद ही विद्यार्थ्याच्या गुणांइतकीच शाळेच्या साधनांचीही नोंद असते. प्रयोगशाळा, क्रीडांगण व ग्रंथालय जेथे अपुरे आहे तेथील कोरा रकाना विद्यार्थ्याच्या उणिवेचा पुरावा मानता येणार नाही. म्हणून शालेय कार्यास गुण द्यावयाचे असतील, तर ज्या शाळेत ते घडले तेथील साधनांचा विचार आधी करावा लागेल. तसे न केल्यास मॅट्रिकने मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्यास दिलेले संरक्षण जाईल, आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या हाती काही पडणार नाही.