अर्ध्या पेनीची फुली

बँकेत चूक झाली की मेमो मिळतो; टपालखात्यात झाली की तिकिटाची किंमत वाढते. हा अन्याय ध्यानात आला तेव्हापासून मी तिकिटांच्या पुस्तिका जमवतो. सुटी तिकिटं जमवणारे गल्लोगल्ली भेटतील, पुस्तिकावाला मात्र विरळा. सौभाग्यवतींच्या मते ते बरंच आहे.

पुस्तिका म्हणजे चेकबुकाचं धाकटं भावंड. पुठ्ठ्याच्या वेष्टनात तिकिटांची चार-पाच पानं, मध्ये पातळ कागद, कडेला टाका. हे खूळ 1895 साली लक्झेंबर्गने काढलं. 1900 मध्ये अमेरिकेने दोन सेंटांची बारा तिकिटं पंचवीस सेंटांना दिली. वरचा एक सेंट पुठ्ठ्याचा. मार्च 1904 मध्ये इंग्रजही उतरले. एक पेनीची चोवीस तिकिटं, किंमत दोन शिलिंग अर्धी पेनी. आता दोन शिलिंगांच्या पेन्या होतात बरोबर चोवीस. म्हणजे अर्धी पेनी बांधणावळ!

दर वेळी अर्ध्या पेनीचा सुट्टा कोण शोधणार? म्हणून 1906 मध्ये किंमत केली सरळ दोन शिलिंग. आत एक पेनीची अठरा तिकिटं आणि अर्ध्या पेनीची अकरा. बाराव्याच्या जागी छापली फुली! साडेतेवीस पेन्यांचा माल चोवीसला. बांधणावळ वसूल, हिशेब चोख. ज्या हिशेबनिसाला ही फुली सुचली त्याच्या फोटोला मी रोज उदबत्ती लावली असती.

डोळखांबच्या शाखेत बदलून आल्यावर एक मावशी पासबुक घेऊन खिडकीशी आल्या. "भाऊ, माझं पैसं कापलं. कशापायी?" कापले होते चेकबुकाचे. मावशी अंगठा उठवणाऱ्या. चेकबुक त्यांना कुणी आणि का दिलं, हे कागदावर कुठेच नव्हतं. वेळ काढायला मी त्यांना इंग्रजांच्या अर्ध्या पेनीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"त्याने फुली तरी छापली," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर गुपचूप कापलं."

इतिहासावर इतकं नेमकं भाष्य मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. साहेबांच्या पाठीमागे आठवडाभर लागलो तेव्हा पैसे परत जमा झाले. मावशींनी पासबुक उलटंसुलटं करून पाहिलं. बहुधा फुली शोधत असाव्यात.

असो. पुस्तिकेतली खरी गंमत पाठीमागे असते. शिवायला कडेची पांढरी पट्टी हवी, म्हणून इंग्रज मोठ्या तावात काही रांगा सरळ तर काही उलट्या छापत. कागदातला वॉटरमार्क मात्र सगळा एकाच दिशेचा. ताव कापले की निम्म्या पानांत मुकुट डोक्यावर उभा! नवखे याला चूक समजून जास्त पैसे मोजतात. ती चूक नव्हे, काटकसर आहे. खरी चूक सुरीची. सुरी घसरली की एका कडेची भोकं साफ गायब, आणि तसलं पान दिसलं की आम्हा लोकांना घाम फुटतो.

आपला नाशिकरोडचा छापखाना 1925 चा. त्याआधी आपली तिकिटं लंडनला छापत. नाशिकच्या पंचम जॉर्जच्या तिकिटांतही वॉटरमार्कचा तारा उलटा सापडतो. 1929 च्या विमान टपालाच्या मालिकेत तर एका तिकिटावर झाडाचा शेंडाच नाही! छापताना शेंडा कुठे गेला ते झाडालाच ठाऊक. आम्ही त्या शेंड्याचे पैसे मोजतो. आहे त्याचे सगळेच मोजतात, नाही त्याचे मोजायला संग्राहकच लागतो.

डोळखांबचा पाऊस मात्र संग्राहकांचा वैरी. आजोबा डोंगरावर ढग उतरले की चार-चार दिवस हलत नाहीत आणि तिकिटांच्या मागचा गोंद आपणहून प्रेमात पडतो. पुस्तिकेतला पातळ कागद याचसाठी असतो, पण तो लंडनच्या पावसाच्या हिशेबाने घातलेला. सध्या माझा संग्रह प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा तांदळाच्या कोठीत आहे. श्रावणात पाहुणे येतात, तेव्हा तांदूळ कुणी काढायचे यावरून घरात वाद होतो.